एकशे अडतीस वेळा ‘येतो’

देशाचं नाव मी सांगणार नाही. उद्या मलाही तिथला व्हिसा लागला तर उगाच पंचाईत! उत्तरेकडचा, थंड, माणसं कमी आणि नियम फार असलेला एक देश, एवढं धरून चाला. त्या देशाच्या व्हिसा कचेरीचं पत्र २०४३ सालच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, मेहकरच्या ‘घायाळ चष्मेवाले’ या दुकानात हर्षल घायाळच्या फोनवर येऊन पडलं. हर्षल तेव्हा एका गुरुजींच्या चष्म्याची काडी बसवत होता. पत्र वाचता वाचता त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि गुरुजींना अर्धा तास बिनचष्म्याचं बसावं लागलं.

‘अर्ज नामंजूर,’ पत्रात म्हटलं होतं. ‘परतीचा गुणांक : शंभरपैकी बावीस. शब्द आणि कृती यांतील विसंगती : एकशे अडतीस. अर्जदाराचे बोलणे विश्वासार्ह नाही.’

म्हणजे सरळ मराठीत, हा माणूस खोटारडा आहे. हर्षलला मेहकरात कुणी लाजरा म्हटलं असतं, चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचा राहिला म्हणून चेष्टा केली असती, तर ते त्याने ऐकून घेतलं असतं. पण खोटारडा? अहो, गिऱ्हाईक आरशात बघून खूश होत असताना ‘ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही’ असं तोंडावर सांगणारा माणूस हा. दुकानदाराला याहून वाईट खोड असू शकत नाही.

व्हिसा हवा होता तो एल्वासाठी. एल्वा भूगर्भशास्त्राची अभ्यासक. तीन वर्षांपूर्वी लोणारच्या उल्केच्या विवरातले दगड तपासायला आली आणि तिसऱ्याच दिवशी उतारावरून घसरली. तिला काही झालं नाही, चष्म्याचे मात्र दोन तुकडे झाले. जवळचं मोठं गाव मेहकर, आणि मेहकरात चष्म्याला हर्षल. त्याचं आडनावच घायाळ, तिथे प्रेमात पडायला कितीसा वेळ लागणार? दोन महिन्यांत एल्वाच्या चष्म्याला सात वेळा दुरुस्ती लागली. त्यातल्या सहा वेळा चष्मा धडधाकट होता, हे हर्षलच्या आईलाही कळत होतं.

एल्वा परत जायला निघाली त्या सकाळी हर्षलच्या आईच्या, चंद्रकलाबाईंच्या, पाया पडली आणि पाठ केलेलं मराठी वाक्य म्हणाली, “आई, मी जाते.”

“अगं माय, ‘जाते’ नाही म्हनू! ‘येते’ म्हनावं.”

“पण मी जातेच आहे.”

“जाय ना. पन म्हनताना ‘येते’ म्हन. जाते म्हनून कोनी घराबाहेर पडते का?”

एल्वाने हे मनावर घेतलं. इतकं घेतलं, की पुढे फोनवर बोलणं संपलं की सगळं जग ‘ठेवते’ म्हणतं, तिथे ही बाई ‘येते’ म्हणू लागली. हर्षलने चारदा सुधारून पाहिलं. पाचव्यांदा त्याच्याच तोंडून ‘बरं, येतो’ निघालं, आणि मग ते तसंच अंगवळणी पडून गेलं. रोज संध्याकाळी दुकानात बसून दोघं तासभर बोलायची, शेवटी ती म्हणायची ‘येते’, हा म्हणायचा ‘येतो’, आणि तीन वर्षांत कुणीही आलं-गेलं नाही.

एल्वाला येता येत नव्हतं. तिच्या वडिलांची नजर मंदावत चालली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा हर्षलनेच जायचं ठरलं. नव्वद दिवसांचा पाहुण्याचा व्हिसा काढायचा, तिचं घर बघायचं, तिचे वडील बघायचे आणि मग लग्नाचं ठरवायचं. इतकी साधी गोष्ट होती. मध्ये आला तो बिल्ला.

हा बिल्ला काय भानगड, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी शरीरशास्त्राच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं होतं, की माणूस कुठूनही निघाला की त्याचा श्वास, नाडी आणि आवाज यांत बारीक फरक पडतो. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस या सगळ्यावर लक्ष ठेवून असते. परत यायचं नसेल, तर निघाल्यावर दोनचार मिनिटांत ती सैलावते, विषय संपतो. परत यायचं असेल तर ती पुरती सैलावत नाही. गॅसवर दूध ठेवून दार उघडायला गेलेल्या बाईचा एक कान स्वयंपाकघरातच असतो ना, तसं. अभ्यासकांनी याला नाव दिलं ‘अर्धा निरोप’.

व्हिसा कचेऱ्यांना आणखी काय हवं होतं? पाहुणा मायदेशी परततो की तिथेच ठाण मांडून बसतो, ही तर त्यांची जन्माची काळजी. त्यांनी सदऱ्याच्या गुंडीएवढा एक बिल्ला बनवला. अर्जदाराने तो चौदा दिवस कॉलरला लावून फिरायचं. तो नाडी मोजतो, माणूस कुठून कुठे गेला ते बघतो, निरोप घेतानाचे शब्द ऐकतो आणि त्यांचं भाषांतर करतो. शरीर, पाय आणि शब्द एकच गोष्ट सांगत असतील तर माणूस खरा. शब्दांत खोट निघाली, तर बाकीचं काही बघायचं नाही, असा नियम.

पत्र आलं त्याच आठवड्यात हर्षल संभाजीनगरला गेला. जालना रोडवर फारूकभाई म्हणून व्हिसाची कामं करणारे एक गृहस्थ बसत. त्यांनी कचेरीकडून बिल्ल्याचा सगळा तक्ता मागवून घेतला होता.

“घायाळ साहेब, काय हो हे? दिवसाला दहा दहा वेळा खोटं बोलता तुम्ही?” त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. “हे बघा. सकाळी नऊ दहा, घर. अर्जदार म्हणतो, ‘मी येत आहे.’ अर्जदार लांब गेला. नऊ चाळीस, चहाचं हॉटेल. ‘मी येत आहे.’ लांब गेला. दुपारी दोन, पुन्हा घर. ‘मी येत आहे.’ पुन्हा लांब! अहो, येतोय म्हणता आणि चालू लागता, हा काय प्रकार—”

फारूकभाई बोलता बोलता थांबले.

“या अल्ला,” फारूकभाई म्हणाले. “हे तर आपलं ‘येतो’ आहे.”

“त्या यंत्राला ‘येतो’ माहीत नाही?”

“कुठून असणार? त्याला मराठी शिकवलंय ते सरकारी परिपत्रकांवर आणि फ्रिजसोबत येणाऱ्या माहितीपुस्तकांवर. आयतं तेवढंच मिळालं म्हणे. आता परिपत्रकात कुणी कुणाचा निरोप घेतो का, तुम्हीच सांगा!”

तक्रार करून उपयोग नव्हता. तक्रार वाचायची ती त्याच यंत्राने, आणि आपलं चुकलं असं आजवर ते एकदाही म्हणालं नव्हतं. महिन्याभरात एक अर्ज पुन्हा करता येत होता. तोही फेटाळला, तर पुढचा पाच वर्षांनी.

“मग उपाय एकच,” फारूकभाई म्हणाले. “चौदा दिवस जीभ आवरा. निघताना ‘जातो’ म्हणा. काय बिघडतं?”

संध्याकाळी हर्षलने एल्वाला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

“पाच वर्षं,” ती म्हणाली. “हर्षल, मी पाच वर्षं थांबेन असं म्हणणार नाही. म्हटलं तर ते खोटं होईल. बाबांना आत्ता माझा चेहरा दिसतोय. मी कुणाबरोबर राहणार ते त्यांनी बघावं, असं मला वाटतं. या वेळी झालं नाही, तर आपण हे इथेच संपवू या.”

“हो,” हर्षल म्हणाला. ती खरं बोलली म्हणून त्याला तिचा राग येईना.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा बिल्ला कॉलरला लावला, डबा घेतला आणि दारातून म्हणाला, “आई, जातो.”

चंद्रकलाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “काय म्हनला?”

“जातो.”

“काहून रे? मी काय केलं?”

त्याने समजावून सांगितलं. बिल्ला, भाषांतर, परिपत्रक, सगळं. त्यांना ते कळलंही. पण कळणं वेगळं आणि सकाळी सकाळी पोराच्या तोंडून ‘जातो’ ऐकणं वेगळं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या आणि दिवसभर त्यांनी तीनदा फोन करून तो जेवला का ते विचारलं. हॉटेलवाल्याला ‘जातो’ म्हटलं, तर त्याने ‘आमचा चहा बिघडला का?’ म्हणून विचारलं. चौकात बातमी पसरली, की घायाळ दुकान विकून परदेशी चालला. दोन गिऱ्हाइकं आपले जुने चष्मे घाईघाईने परत घेऊन गेली! हर्षल ‘जातो’ म्हणायचा आणि त्याला समोरच्याकडे बघवायचं नाही. शाळेत कॉपी करतानासुद्धा त्याला असं झालं नव्हतं, कारण त्याने कॉपी कधी केलीच नव्हती.

पाच दिवस त्याने रेटून नेलं. सहाव्या दिवशी दुपारी तो पुंजाजी काकांकडे गेला. हर्षलचे वडील गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. काच घासायला, फ्रेम बसवायला, गिऱ्हाइकाशी बोलायला त्याला शिकवलं ते पुंजाजी काकांनी. आता ते अंथरुणाला खिळले होते. हर्षल रोज दुपारी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायला जायचा. गेले पाच दिवस निघताना तो काहीच बोलला नव्हता, नुसता हात दाबून उठला होता. तेवढी पळवाट त्याने काढली होती.

त्या दिवशी काकांनी हात सोडला नाही. त्यांच्या कानावरही चौकातली बातमी आली होती.

“हर्षल, लोक म्हनतात तू सगळ्यायले ‘जातो’ म्हनत फिरतं. मले काहीच म्हनत नाही तू. काहून? माह्यं काही खरं नाही, असं सांगतलं का डॉक्टरनं?”

हर्षलने कॉलरकडे पाहिलं. बिल्ल्याचा हिरवा ठिपका चालू होता. एक शब्द, आणि अर्ज बुडाला. एल्वा बुडाली. तिचे वडील, ते न पाहिलेलं घर, सगळं बुडालं. आणि समोर हा म्हातारा, डोळ्यांतून औषध ओघळतंय आणि तरी डोळे उघडे ठेवून बघतोय.

“काका,” तो म्हणाला, “काही सांगितलं नाही डॉक्टरांनी. येतो मी. उद्या थेंब टाकायचेत ना? येतो.”

“ये,” काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

रस्त्यावर आल्यावर हर्षलला रडू आलं. रडून झाल्यावर मात्र पाच दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. हॉटेलात त्याने दोन प्लेट भजी खाल्ली आणि निघताना मोठ्याने सांगितलं, “येतो रे!”

संध्याकाळी तो एल्वाला म्हणाला, “मी अर्ज बुडवला. मुद्दाम बुडवला. मला जमलं नाही.” आणि का, तेही सांगितलं.

ती म्हणाली, “तू उद्या काकांकडे जाणार आहेस?”

“म्हणजे काय? ‘येतो’ म्हणालोय.”

“पहिल्या बिल्ल्याचा तो तक्ता मला पाठव. एकशे अडतीसच्या एकशे अडतीस ओळी.”

“काय करणार?”

“दगड बघून तो कुठून आला ते मी सांगते. ओळी बघून तू कुठे गेलास ते सांगता येईल,” ती म्हणाली. “येते.”

नियमांच्या पुस्तकात चाळिसाव्या पानावर एक कलम होतं. पाहुण्याला बोलावणाऱ्या यजमानाला, मागणी केल्यास, यंत्राऐवजी माणसासमोर वीस मिनिटं बोलता येतं. हे कलम कुणी वापरत नसे, कारण चाळिसाव्या पानापर्यंत कुणी पोचतच नसे. एल्वा पोचली. बिल्ल्याचे चौदा दिवस संपल्यावर आठवड्याभरात सुनावणी लागली.

सुनावणीच्या दुपारी हर्षलने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोन काचेच्या कपाटाला टेकवून ठेवला. शेजारी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर चंद्रकलाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून बसल्या. पडद्यावर एका बाजूला एल्वा, दुसऱ्या बाजूला साठीकडे झुकलेल्या अधिकारी बाई. हर्षलच्या नजरेत आधी त्यांचा चष्मा भरला. उजवी काडी वाकली होती आणि सगळा भार नाकाच्या एका बाजूवर येत होता.

“अर्जदाराने एकशे अडतीस वेळा ‘मी येत आहे’ असं म्हणून उलट दिशेला गमन केलं,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. “हे तुम्हाला मान्य आहे?”

“मान्य आहे,” एल्वा म्हणाली. “तो बोलला तेव्हा त्याचे पाय कुठे चालले होते, ते तुमच्या यंत्राने बघितलं. मी पुढचं बघितलं. प्रत्येक वेळी ज्या माणसाला तो ‘येतो’ म्हणाला, त्या माणसाकडे तो परत गेला का? एकशे अडतीसपैकी एकशे चोवीस वेळा गेला. शेवटच्या दिवशीचे चार दुसऱ्या बिल्ल्यात सापडले. शिंप्याकडे एकदा दोन दिवस उशिरा गेला, पण गेला. आणि दर वेळी त्याच्या शरीरात तुमचा तो अर्धा निरोप आहे, ठळक आहे. परतीचा अंदाज करणारं यंत्र तुम्ही बनवलंत. परतीचा शब्द त्याच्या कानावर पडला, तर त्याने तो खोटा ठरवला.”

बाईंनी तक्ता खालीवर केला. “दुसऱ्या बिल्ल्यात पहिले पाच दिवस वेगळा शब्द आहे. तो कृतीशी जुळतो. पण मिस्टर घायाळ, आमच्या यंत्राच्या मते तुम्ही खरं बोलत होतात, नेमकी तेव्हाच तुमची नाडी चोरासारखी पळत होती. असं का?”

“मॅडम, तेव्हाच मी खोटं बोलत होतो,” हर्षल म्हणाला. “व्हिसासाठी बोलत होतो. मला लाज वाटत होती.”

बाईंनी एक आकडा बोटाने दाखवला. “एकशे अडतीसमधून एकशे चोवीस गेले. उरलेले चौदा? तिथे अर्जदार परत गेलेला नाही.”

एल्वाचा चेहरा लाल झाला. हर्षलला वाटलं, संपलं. हे चौदा आपल्या लक्षातच आले नव्हते.

“ते चौदा माझे आहेत,” एल्वा म्हणाली. “फोनवर असं म्हणत नाहीत. ती माझी चूक आहे, त्याने माझ्यासाठी ती उचलली. चौदा दिवस रोज तो मला ‘येतो’ म्हणाला. ते चौदा अजून अपुरे आहेत. ते पुरे करणं त्याच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे.”

अधिकारी बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मला शब्दकोशात दुरुस्ती सुचवावी लागेल,” त्या म्हणाल्या. “या शब्दापुढे नेमकं काय लिहू?”

“काय म्हनते रे ते बाई?” चंद्रकलाबाईंनी कोपर मारून विचारलं. हर्षलने सांगितलं.

“हात्तिच्या! त्यात काय कठीन हाय? ‘जाऊन येतो’ असं लिव म्हना तिले. त्यातलं ‘जाऊन’ आपन गिळतो. सगळंच कायले बोला लागते?”

हर्षलने भाषांतर केलं. बाईंनी लिहून घेतलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. चष्मा नाकावरून घसरला.

“मॅडम,” हर्षलला राहवलं नाही, “उजवी काडी वाकलीय. संध्याकाळी डोकं दुखत असेल.”

“तीन महिने झाले दुखतंय. सगळ्यांना वाटलं कामाचा ताण.” त्या समोरच्या यंत्राकडे वळल्या. “हे नोंदीत घेऊ नये.”

व्हिसा बाराव्या दिवशी आला. पुंजाजी काकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम चंद्रकलाबाईंनी अंगावर घेतलं. निघायच्या सकाळी सगळी गल्ली दारात जमली होती. हर्षलच्या कॉलरला आता बिल्ला नव्हता. त्याने आईच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “आई, येतो.”

“ये,” त्या म्हणाल्या, आणि तो कोपऱ्यावर वळण्यापूर्वीच घरात गेल्या. या वेळी दारात उभं राहायचं त्यांना कारण नव्हतं.

दोन विमानं, एक गाडी आणि एक होडी करून हर्षल त्या देशातल्या एका लाल लाकडी घरासमोर उभा राहिला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात एल्वाने कळवलेल्या नंबरावरून तिच्या वडिलांसाठी स्वतः घासलेल्या जाड भिंगांचा चष्मा. वाटेत त्याने इंग्रजीत चार सुंदर वाक्यं पाठ केली होती. दार उघडलं. एल्वा समोर उभी होती. वाक्यं सगळी पळाली.

“आलो,” तो म्हणाला.

“आलास,” ती म्हणाली आणि तिथेच, उंबरठ्यावर, रडू लागली. मागून एक उंच म्हातारा भिंतीला धरून पुढे आला. हर्षलने बॅग खाली ठेवली, डोळे पुसले आणि चष्मा काळजीपूर्वक त्यांच्या कानांवर चढवला. म्हाताऱ्याने आधी हर्षलकडे पाहिलं, मग बराच वेळ आपल्या मुलीकडे.

तेवढ्यात हर्षलच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे चंद्रकलाबाई.

“पोचला का रे?”

“पोचलो, आई. आत्ता दारातच आहे.”

“बरं झालं, बाप्पा. त्यायचे डोये कसे हायेत?”

“दिसतंय त्यांना. चष्मा बसला बरोबर.”

“मंग चांगलं हाय,” त्या म्हणाल्या आणि श्वाससुद्धा न घेता त्यांनी विचारलं, “कवा येशीन?”